‘छान आहे’ म्हणजे काय?

(महिला वाचक मेळाव्यात केलेलं हे भाषण. बोलण्याचा ओघ मोडू नये म्हणून फारशी काटछाट केलेली नाही. – संपादक)



मला निमंत्रण द्यायला ज्या दोघी आल्या होत्या त्यांनी विषय सांगितला, ‘स्त्री आणि वाचनसंस्कृती’. मी म्हटलं, अगं, संस्कृती वगैरे माझ्या पिशवीत मावायची नाही. आमच्या तालुक्याच्या गावात आम्ही काही बायका महिन्यातून एकदा जमतो आणि वाचलेल्या पुस्तकांवर बोलतो, भांडतो, एकमेकींना पुस्तकं सुचवतो. त्यातलं काय ते सांगीन. चालेल का? त्या ‘चालेल’ म्हणाल्या. तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारधन वगैरे मिळेल म्हणून आल्या असाल, तर मागे चहा सुरू आहे. (हशा)

सुरुवात माझ्या आईपासून करते. मी सहावीत असतानाची गोष्ट. गावच्या वाचनालयाचं सभासदत्व वडिलांच्या नावावर होतं. वडील वर्तमानपत्राखेरीज काही वाचत नसत, पण अनामत त्यांची, वर्गणी त्यांची, कार्डावर नाव त्यांचं. वाचायची आई. आणि पुस्तक बदलायला जायची मी. कारण बायकांनी वाचनालयाच्या पायऱ्या चढायची रीत नव्हती. पेपर वाचायला आलेले पुरुष दारापर्यंत बाकं टाकून बसलेले असत, त्यांच्यातून वाट काढत कोण जाणार? आईची मागणी ठरलेली : ‘सामाजिक आण आणि जाड आण.’ जाड अशासाठी, की पुस्तक आठवड्याने बदलून मिळे आणि पातळ पुस्तक तिचं दोन दुपारींत संपून जाई.

वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून आई एकतिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक टिंब द्यायची. देवघेवीच्या टेबलापाशी उभं राहून मी आधी पान ३१ उघडून बघायची. टिंब असलं की पुस्तक परत फळीवर. तिथे, नाहीतर एखाद-दोन पानं मागेपुढे, आणखीही खुणा असत. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, एक कुणीतरी बारीक कमळ काढायची. तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायका माना डोलावताहेत, म्हणजे हा उद्योग फक्त आमच्याच घरी नव्हता!

एकदा आईने एका पुस्तकावर दोन टिंबं दिली. मी विचारलं, ‘दोन का?’ तर म्हणाली, ‘हे चुकून पुन्हा आणलंस तरी चालेल.’ पुढे काही महिन्यांनी मला कमळाशेजारीही दुसरं कमळ दिसायला लागलं. नेहमी नाही, एखाद्याच पुस्तकावर. मी ते आईला सांगितलं. तेव्हापासून तिची मागणी बदलली. ‘जाड आण’च्या जागी ‘दोन कमळांचं आहे का बघ’ असं आलं. कमळ काढणारी बाई कोण, कुठल्या आळीतली, आम्हाला कधीच कळलं नाही. पण ती आईला पुस्तकं सुचवत होती आणि आई तिला. एकदा मात्र आईच्या दोन टिंबांशेजारी कमळ काढून वर काट मारलेली होती. आई दिवसभर घुश्शात. ‘काय नाही आवडलं म्हणे तिला?’ पण विचारणार कुणाला?

विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली आलं. टोपणनावामागची बाई कोण, मुळात ती बाई तरी आहे का, यावर तेव्हा केवढं काहूर माजलं होतं. (त्या मालतीबाई बेडेकर, हे आज आपल्याला माहीत आहे.) त्यानंतर तीस-एक वर्षांनीही मी ते पुस्तक मागितलं तेव्हा देवघेव करणारे गृहस्थ म्हणाले, ‘हे मुलींच्या हाती देत नाही. आईला पाठव.’ त्यांना वाटलं, विषय संपला. पण आई गेली. भर दुपारी, पेपरवाले पुरुष जेवून झोपलेले असताना, डोक्यावर पदर घेऊन गेली आणि सही करून पुस्तक घेऊन आली. घरी येऊन पान ३१ उघडलं तर सात-आठ खुणा. म्हणजे न देता-देता ते पुस्तक बरंच फिरलं होतं!

आता कुणी म्हणेल, बायकांनी पुस्तकांवर मतं द्यायची ही आजकालची टूम आहे. तसं नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं गेलं. त्याच्या संतापातून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, हे आपण शिबिरांतून अनेकदा ऐकलेलं असतं. पण ताराबाईंनी त्या पुस्तकात आणखी एक काम केलंय, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा तेव्हाच्या गाजलेल्या कादंबऱ्या त्यांनी वाचलेल्या आहेत आणि त्यांत बाई जशी रंगवली आहे त्याबद्दल त्यांनी लेखकांना फैलावर घेतलंय. वाचक बाई पुस्तकाला जाब विचारतेय, तेही १८८२ मध्ये!

आणि मग काय झालं? १८८५ साली जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर हळूहळू पुस्तक विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं. मधे त्र्याण्णव वर्षं गेली. माझ्या आजीला, पणजीला ते वाचता आलं असतं. पण ‘हे वाच गं’ म्हणून त्यांच्या हातात ते ठेवणारं कुणी नव्हतं. पुस्तक छापून आलं म्हणजे पोचलं, असं आपण समजतो. बायकांची पुस्तकं तशी पोचत नाहीत. ती हातोहात जावी लागतात.

हातोहात जायला मधे बाईच आडवी येते हेही खरं आहे. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. नवरा शिकवू पाहतोय आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका टोमणे मारताहेत, बोलणं सोडताहेत, हे त्यात वाचताना जीव कासावीस होतो. आमच्या गटात यावर दोन तट पडले होते. एकीचं म्हणणं, बायकाच बायकांच्या शत्रू. दुसरीने तिला विचारलं, ‘त्या सासवांना कुणी शिकवायला बसलं होतं का?’ त्या दिवशीचा चहा गार झाला, एवढं आठवतं.

असो. आमच्या गटाकडे येते.

२००९ साली आम्ही पुस्तकभिशी सुरू केली. भिश्या आमच्याकडे आधीपासून होत्याच, स्टीलच्या डब्यांची, साड्यांची, नुसत्या पैशांची. अकरा जणी, दरमहा ५० रुपये, म्हणजे ५५० रुपये. जिची चिठ्ठी निघेल तिने आपल्या पसंतीची पुस्तकं आणायची, आधी स्वतः वाचायची, मग बाकीच्यांकडे फिरवायची. आता आम्ही तेवीस जणी आहोत आणि वर्गणी १०० रुपये झाली आहे. गटात मी निवृत्त शिक्षिका आहे, एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत, अंगणवाडी सेविका आहे, शिवणकाम करणारी आहे, दोन नव्या सुना आहेत. मोठीला धाकटी ‘ताई’ म्हणते, त्याहून मोठीला ‘काकू’.

पहिली काही महिने फार मजेची गेली. पुस्तक वाचून आलेल्या बाईला विचारलं की उत्तर यायचं, ‘छान आहे.’ दुसरी म्हणायची, ‘छान आहे, वेळ बरा गेला.’ तिसरी, ‘छान आहे, मनाला भिडतं.’ सगळंच छान! मला कळेना, या बायका भाजीच्या गाडीवर वांग्याचं देठ दाबून तीन दोष काढतात, ब्लाउजचा गळा एक सूत चुकला तर शिंपिणीला पुन्हा उसवायला लावतात. मग पुस्तकापुढे यांची जीभ का अडखळते?

पुढे जरा विचार केल्यावर वाटलं, हे ‘छान’ आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. पाहुण्यांकडचे पोहे छान. नणंदेची साडी छान. नवऱ्याने न विचारता आणलेला पडदा छान. आपलं नावडणं आपण फार तर मोलकरणीला नाहीतर मुलाला ऐकवतो. वरच्या कुणाला नाही. आणि छापलेलं पुस्तक म्हणजे वरचंच कुणीतरी, नाही का? ज्याचं नाव छापून येतं त्याला कळतं, आपल्याला काय कळतंय! म्हणून ‘छान आहे’चा खरा अर्थ ‘मला विचारू नका’ असा असतो.

मग आम्ही एक वही घातली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. पुस्तक परत करताना त्यात चार ओळी लिहायच्या. ‘छान’ हा शब्द वापरायचा नाही. कुणी वापरलाच तर खाली कुणीही ‘म्हणजे काय?’ असं लिहावं. पहिल्या तीस पानांत ‘म्हणजे काय?’ इतक्या वेळा आलंय, की वहीचं तेच नाव पडलं.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती सांगायचीच म्हणून आज आले, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या गटात एक मावशी येऊ लागल्या. चार घरी पोळ्या करतात. शाळा चौथीपर्यंत. सावकाश वाचतात, थकल्या की नात वाचून दाखवते. त्या महिन्यात आम्ही एक कथासंग्रह घेतला होता. लेखिका नामांकित आहेत, माझ्या फार आवडत्या आहेत, म्हणून नाव घेत नाही. त्यातल्या एका कथेत नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेली बाई एका रात्री घर सोडते. कपाटातून दोन साड्या पिशवीत घालते, दार ओढून घेते आणि एस. टी. स्टँडवर येऊन बसते. तिथे कथा संपते. ही कथा मी किती शिबिरांतून सांगितली आहे! बाईच्या मुक्तीचा क्षण म्हणून सांगितली आहे. सांगताना माझाच आवाज दाटून यायचा.

मावशींची पाळी आली. मी विचारलं, ‘मावशी, तुम्हाला काय वाटलं?’

त्या म्हणाल्या, ‘ह्ये खोटं हाय.’

‘खोटं म्हणजे?’

‘आवो, ही बाई रातीची घर सोडती आन् पिशवीत दोन पातळं घालती. रेशनकार्ड घेत न्हाई. पोराचा शाळंचा दाखला घेत न्हाई. अशी कुठं बाई घर सोडती व्हय? ही सकाळच्याला माघारी जानार.’

दोघी-तिघी हसल्या. आणि मी, तीस वर्षं मराठी शिकवलेली, मी काय केलं? मी समजावून सांगितलं. म्हटलं, ‘अहो मावशी, ते प्रतीकात्मक आहे. पिशवी म्हणजे नुसती पिशवी नाही, दार म्हणजे नुसतं दार नाही.’ चांगली पाच मिनिटं समजावलं. मावशी ‘आसंल बाई’ म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पोळ्यांची घरं वाढली असतील, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. आपल्याला सोयीची कारणं किती पटकन सापडतात!

चौथ्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले. चहा केला त्यांनी. मी म्हटलं, ‘मावशी, येत का नाही?’ तर म्हणाल्या, ‘तुम्ही काय वाटलं म्हनून इचारलं. मला वाटलं ते मी सांगितलं. तुमास्नी बरूबर उत्तर पायजे व्हतं तर तसं आधी सांगायचं. मी बोललेच नसते.’

मी गप्प. मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, ‘मी सोडलंय घर, बाई. बारा वरसाचं पोर घेऊन. आधी कागदं न्हेली. तांदळाच्या डब्यात घालून, आईकडं, एकेक करून. पंधरा दिस लागलं. मंग मी गेले.’

त्यांच्या वेळी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा नव्हता. राहत्या घरातून बाईला असं हुसकता येत नाही, हे सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी आपल्या अकलेने, तांदळाच्या डब्यातून, स्वतःचं आणि मुलाचं पुढचं आयुष्य बाहेर काढलं होतं. आणि मी त्यांना दार म्हणजे नुसतं दार नसतं, हे शिकवत होते.

घरी येऊन मी ती कथा पुन्हा वाचली. लेखिकेवर अन्याय करायचा नाही मला. कथा चांगलीच आहे. पण शेवटी ती बाई स्टँडवर बसलेली असते आणि गाडीत चढल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला गाडीत मी चढवलं होतं, माझ्या भाषणांतून. मावशींनी मात्र पुस्तकात होतं तेवढंच वाचलं आणि त्यांना स्टँडवर बसलेली बाई दिसली, जिच्या पिशवीत कागद नाहीत. आता मला सांगा, जास्त बारकाईने कुणी वाचलं?

मी मावशींची माफी मागितली, घरी आणि नंतर गटातही. गटात मागणं जड गेलं, लपवत नाही. शिक्षिकेला चुकलं म्हणायची सवय नसते. त्यानंतर आमच्याकडे एक ठरलं. कुणी मत दिलं की त्यावर ‘तसं नाही ते’ म्हणायचं नाही. ‘कुठल्या पानावर?’ असं विचारायचं. एवढंच. बँकेतल्या बाईंनाही विचारायचं आणि मावशींनाही. याने काय होतं, तर गुळगुळीत बोलणारीची पंचाईत होते. ‘लेखिकेने स्त्रीमनाचा ठाव घेतला आहे’ – कुठल्या पानावर? पान सापडत नाही! आणि जिच्याकडे मोठे शब्द नाहीत ती बरोबर पान काढून देते.

पण या युक्तीने सगळं सुरळीत झालं असं समजू नका.

आम्ही बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ घेतलं. पुस्तक १९८६ सालचं. त्याआधी ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं होतं. फलटणला बेबीताईंचं छोटंसं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले पेपर त्या वाचायच्या आणि गिऱ्हाइकं नसताना लिहायच्या. लिहिलेलं घरात कळू नये म्हणून लपवून ठेवायच्या, थोडीथोडकी नाही, वीस वर्षं. मॅक्सिन बर्नसन या फलटणला राहून काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ते लेखन पाहिलं आणि छापायला द्यायला लावलं. हे सगळं मी आधी सांगितलं, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पुस्तक फिरलं. बैठक झाली.

एक मैत्रीण म्हणाली, ‘मला चाळीस पानांच्या पुढे वाचवलंच नाही गं. इतकं भयंकर.’ दुसरी म्हणाली, ‘हो ना, रात्री झोप लागली नाही.’ मग अंगणवाडी सेविका बोलली. ती एरवी हसून-खेळून असते. म्हणाली, ‘ताई, वाचवत नाही म्हणून मिटून ठेवायची सोय तुम्हाला आहे. माझी आजी त्या पुस्तकात राहिलेली आहे.’

कुणी काही बोललं नाही. तीच पुढे म्हणाली, ‘आणि मला दुसरी एक भीती वाटतेय, बोलू का? आमच्या वस्तीत सासवांनी सुनांचे काय हाल केले, तेही बेबीताईंनी लिहिलंय. लपवलं नाही. मला त्याचा अभिमान आहे. पण तुम्ही तेवढंच लक्षात ठेवाल. म्हणाल, बघा, यांच्यातही असंच असतं की. आणि यांना पाणी कोण भरू देत नव्हतं, ते विसराल.’

मी सवयीने ‘कुठल्या पानावर?’ म्हणणार होते. सुदैवाने म्हटलं नाही. कुणीतरी चहा टाकायला उठली. आपल्यात अवघड काही निघालं की कुणीतरी चहा टाकायला उठतेच. त्या दिवशी सेविकेनेच तिला खाली बसवलं. म्हणाली, ‘चहा नंतर. आधी सांगा, तुमच्या घरी माझ्यासाठी वेगळा कप होता का नाही?’ एकीने ‘होता’ म्हणून सांगितलं. सासू असेपर्यंत होता, नंतर तिने तो फेकला, पण फेकताना कुणाला सांगितलं नाही. दुसरी म्हणाली, हे सगळं उकरायचं कशाला, आपण पुस्तकं वाचायला जमतो. ती दुसरी नंतर गटात आली नाही. वाटेत भेटली की पुस्तक सोडून सगळं बोलते. मला तिचं वाईट वाटतं. पण तिला परत आणण्यासाठी ती बैठक पुसून टाकावी, असं मात्र वाटत नाही. सेविकेने वहीत त्या पुस्तकावर पूर्ण दोन पानं लिहिली आहेत. ज्यांनी चाळिसाव्या पानावर सोडलं होतं त्यांतल्या एकीने पुढचं वाचून तिच्या खाली लिहिलंय, ‘पूर्ण केलं. उशीर झाला.’

आणखी एक पेच सांगते, तुमच्याकडेही तो येत असेल. बाईने लिहिलंय म्हणून चांगलं म्हणायचं का? आमच्यातल्याच एकीने स्वखर्चाने कवितासंग्रह काढला. नवऱ्याने पैसे दिले नाहीत, तिने सोन्याच्या बांगड्या मोडल्या. आता अशा पुस्तकावर काय बोलणार? न आवडल्याचं सांगावं तर आधीच घरात तिला पाठिंबा नाही, आणि छान म्हणावं तर वहीत ‘म्हणजे काय?’ बांगड्यांचं वजन मनावर होतंच. शेवटी प्रत्येकीने एक कविता ठेवायची आणि एक काढायची सांगितली, पानासकट. ती रडली. सहा महिने अबोला. मग एक दिवस वही मागून घेऊन गेली, दोन दिवसांनी परत आणली. काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही.

या वहीचा एक अनपेक्षित उपयोग झाला. आमच्या वाचनालयात दरवर्षी पुस्तक खरेदी होते. खरेदी समितीवर तेव्हा एकही बाई नव्हती. आम्ही वहीतून चाळीस पुस्तकांची यादी काढली आणि प्रत्येकापुढे आमच्या बायकांची मतं लिहून समितीला दिली. एक सदस्य म्हणाले, ‘महिलांसाठी पाककृतींचा कप्पा आहे की वेगळा!’ पण ग्रंथपाल भले गृहस्थ. त्यांनी देवघेवीचं रजिस्टर पुढे ठेवलं. पुस्तकं नेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त सह्या बायकांच्या होत्या. चाळिसांपैकी चौदा पुस्तकं आली. पुढच्या वर्षी समितीवर आमची शिवणकामवाली गेली. ती पुस्तक हातात घेतलं की आधी बांधणी ओढून बघते, त्यामुळे प्रकाशकांचे विक्रेते तिला दचकून असतात.

सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा जो तो विचारायचा, बाईंनी भाईंबद्दल काय लिहिलंय? स्वतःबद्दल काय लिहिलंय हे विचारणारे थोडे. आमच्या वाचनालयाने ते पुस्तक तीनदा घेतलं, तीनदा हरवलं. नेणाऱ्या प्रत्येक वेळी बायकाच होत्या. ग्रंथपाल कपाळाला हात लावतात. मी त्यांना म्हटलं, इतकी जोरदार शिफारस दुसरी कुठली असणार?

वेळ संपत आला म्हणून या बाई खुणा करताहेत. शेवटचं एक वाचून दाखवते. मावशींनी परवा लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ संपवलं. १९३४ पासून भागाभागाने आलेलं पुस्तक, तुम्ही वाचलं असेलच. मावशी सांगतात आणि नात लिहिते, नातीच्या अक्षरात वहीत असं आहे : ‘या बाईचा नवरा देवमाणूस होता पण घरात पैसा टिकू देत नव्हता. बाई रडत नाही, हसवते. हसून झाल्यावर कळतं किती सोसलं. आमच्या शेजारणीला सांगितलं वाच म्हणून. ती म्हणाली वेळ नाही. मी म्हणलं एक पान वाच. तिनं पुस्तक अजून परत दिलं नाही. पान कोणतं ते सांगायचं राहिलं कारण आजी झोपली.’ त्याखाली कुणीतरी लिहिलंय, ‘आजी उठली की विचार.’

ती वही मागच्या टेबलावर ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधलंय, कारण आधीची तीन गेली. तुम्हीही लिहा, पाहुण्या म्हणून लाजू नका. खाली कुणी ‘म्हणजे काय?’ लिहिलं तर राग मानू नका. आणि आमच्या गटातल्या ज्या आल्या आहेत त्यांच्यासाठी : पुढच्या बैठकीला ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ आहे. प्रत एकच आहे आणि ती कुणाकडे आहे ते मला आत्ता आठवत नाही. जिच्याकडे असेल तिने जरा हात वर करा.